वाघ्याचे शेजारी

बालमित्रांनो,

तुमच्यापैकी बऱ्याच जणांची पत्रं येतात, "बाई, आम्हाला घरी मासे पाळायचे आहेत. कोणते मासे एकत्र ठेवले तर चालतील?" या प्रश्नाचं उत्तर द्यायचं मी बरेच दिवस टाळत होते. कारण उत्तर द्यायचं म्हणजे आधी माझी एक चूक सांगायला हवी. मोठ्या माणसांना स्वतःच्या चुका सांगणं जरा जडच जातं, बरं का! पण आज सांगतेच.

आमच्या चौथीच्या वर्गात खिडकीशेजारी एक काचेची टाकी आहे. ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३० उंच. परिसर अभ्यासाच्या तासाला जिवंत मासे दिसावेत म्हणून आम्ही ती आणली. गप्पी मासे चार, तेही फुकट! आरोग्य केंद्रात डासांच्या अळ्या खाण्यासाठी गप्पी वाढवतात ना, तिथून मिळाले. मग जुलैच्या पहिल्या शनिवारी मी दुकानात गेले आणि निळी-लाल रेघ असलेले चार निऑन टेट्रा घेतले. निघता निघता एका कोपऱ्यातल्या पिल्लाकडे लक्ष गेलं. काळसर अंग, त्यावर केशरी नक्षी, शेपटीजवळ डोळ्यासारखा गोल ठिपका. जेमतेम ५ सेंटिमीटरचं. मी बोट काचेवर ठेवलं, तर ते बोटामागे फिरायला लागलं!

"हा कोणता हो?"

"टायगर ऑस्कर, मॅडम."

"या छोट्या माशांबरोबर राहील ना?"

"सगळे लहानच आहेत. राहतील की!"

झालं. वाघ्या आमच्या वर्गात आला.

मुलं खूश. मासे-मंत्र्याची निवडणूक झाली आणि एक मुलगी निवडून आली. तिचं खरं नाव सांगत नाही, तिला आवडणार नाही. आपण तिला छकुली म्हणू. मासे-मंत्र्याचं काम म्हणजे रोज सकाळी मासे मोजायचे आणि वहीत आकडा लिहायचा. ९, ९, ९ असे आकडे महिनाभर छान चालले. ऑगस्टच्या सुरुवातीला छकुलीचा वाढदिवस आला. तिने वर्गात चॉकलेटं वाटली नाहीत. आजीने दिलेल्या पैशांतून दोन निऑन टेट्रा आणले आणि मला म्हणाली, "बाई, चॉकलेट एका मिनिटात संपतं. हे राहतील." वहीत आकडा झाला ११.

पंधरा ऑगस्टची सुट्टी संपवून आलो तर १०. मग ९. मग ७! मेलेला मासा कुठेच दिसेना. कुणी म्हणालं मांजर येते. कुणी म्हणालं झाकणाच्या फटीतून उडी मारून बाहेर पडले असतील. आम्ही टेबलाखाली, कपाटामागे सगळीकडे शोधलं. एक मुंगीसुद्धा सापडली नाही.

आणि एके दिवशी प्रार्थना संपवून वर्गात आलो, तर छकुली टाकीसमोर उभी. वाघ्याच्या तोंडातून एक निळी-लाल शेपटी बाहेर आलेली. एक गचका, आणि तीही गेली. टाकीत उरले वाघ्या आणि दोन गप्पी. आकडा ३.

छकुली रडली नाही. तिने वही माझ्या टेबलावर आणून ठेवली आणि म्हणाली, "मला मंत्री नाही व्हायचं."

वर्गातला खटला

मुलांनी दुपारी वाघ्यावर खटला भरला. आरोप : सहा निऑन आणि दोन गप्पी खाल्ले. एकाने वकिलासारखे हात मागे बांधून विचारलं, "आपण त्याला रोज दोन वेळा खायला देतो. तरी त्याने खून का केले?" सगळा वर्ग ओरडला, "वाघ्या दुष्ट! वाघ्या दुष्ट!"

शेवटच्या बाकावरचा एक मुलगा हळूच उठला. "बाई, मांजरीच्या टोपलीत उंदराची पिल्लं ठेवायची आणि मग मांजरीला रागवायचं, असं झालं की हे."

वर्ग गप्प झाला. खरं सांगू? मीही गप्प झाले.

ऑस्कर हा मासा दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यातला. तिथे तो किडे, कोळंबी, लहान मासे असं खाऊन जगतो. तो चावे घेत बसत नाही. एकदम तोंड उघडतो, पाण्याबरोबर भक्ष्य आत ओढलं जातं आणि खेळ खलास. पोट भरलेलं असलं तरी समोरून तोंडात मावेल असं काही वळवळत गेलं, की तो तोंड उघडणारच. त्यात दुष्टपणा काही नाही. गंमत म्हणजे निऑन टेट्राही ॲमेझॉनच्याच खोऱ्यातला. दोघे एका मुलखातले, पण म्हणून शेजारी होऊ शकत नाहीत!

शेवटी मुलांनी निकाल दिला. वाघ्याला हद्दपार करायचं, म्हणजे गावाबाहेरच्या नदीत सोडून द्यायचं. मलाही क्षणभर वाटलं, बरं होईल. त्याचं त्याला मोकळं पाणी मिळेल आणि आमची कटकट जाईल. पण आमच्या वर्गात एका मासेमाराचा मुलगा आहे. तो म्हणाला, "नदीत नको, बाई! आजोबा सांगतात, चिलापी आली आणि आमचे आधीचे मासे जाळ्यात यायचे कमी झाले."

केवढी मोठी गोष्ट बोलला तो! चिलापी म्हणजे तिलापिया. आफ्रिकेतला हा मासा १९५२ साली आपल्या देशात आणला. मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, त्यामुळे पिल्लं भरपूर जगतात. आज आपल्या उजनी धरणात चिलापीच चिलापी आहे. टाकीतल्या माशांचंही तसंच होतं. अमेरिकेतल्या फ्लोरिडात पाळण्यासाठी आणलेले ऑस्कर १९५० च्या दशकाच्या शेवटी बाहेरच्या पाण्यात गेले आणि तिथलेच होऊन बसले. काच साफ करायला आपण 'सकर' मासा आणतो ना? तोही दक्षिण अमेरिकेतला. २०२० साली तो वाराणसीजवळ गंगेत सापडला. आणि मे २०२३ मध्ये श्रीनगरच्या दल सरोवरात तर मगरीसारख्या तोंडाचा ॲलिगेटर गार सापडला! हा मासा उत्तर अमेरिकेतला. तो पोहत पोहत काश्मीरला आला असेल का? तुम्हीच सांगा.

म्हणून लक्षात ठेवा, पाळलेला मासा नदीत, तळ्यात, विहिरीत कध्धीही सोडायचा नाही. आपल्याला वाटतं आपण त्याला सोडून दिलं. खरं म्हणजे आपण नदीतल्या हजारो माशांच्या टाकीत एक वाघ्या सोडलेला असतो.

छकुलीचा प्रश्न

दोन दिवस छकुली माझ्याशी एक शब्द बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मीच तिच्याजवळ जाऊन बसले. म्हटलं, "छकुली, चूक वाघ्याची नाही. चूक माझी आहे. तू माझ्या भरवशावर तुझे मासे आणलेस."

ती डब्यातली पोळी कुरतडत होती. मग म्हणाली, "बाई, तुम्ही दुकानात विचारलं का नव्हतं?"

"विचारलं होतं गं. पण चुकीचा प्रश्न विचारला. मी विचारलं, हे आत्ता एकत्र राहतील का? मोठे झाल्यावर राहतील का, असं विचारायला हवं होतं."

डी.एड. करताना आम्हाला शिकवलं होतं, की चांगला शिक्षक उत्तरं सांगण्याआधी प्रश्न नीट विचारायला शिकवतो. तो धडा मला खऱ्या अर्थाने कळला तो त्या दिवशी!

मग आम्ही सगळ्यांनी मिळून प्रश्नांची यादी केली. वाचनालयातून पुस्तकं आणली, मासे पाळणाऱ्या लोकांना विचारलं. ती यादी तुमच्यासाठी इथे देते. वहीत उतरवून घ्या.

पहिला प्रश्न : पूर्ण वाढ झाल्यावर मासा केवढा होतो? दुकानात सगळी पिल्लंच असतात. निऑन मोठा होऊन ३-४ सेंटिमीटरचा होतो. ऑस्कर टाकीतही ३० सेंटिमीटरपर्यंत वाढतो, म्हणजे तुमच्या पट्टीएवढा! आम्ही काचेला पट्टी लावून वाघ्याला मोजलं. जुलैत ५ सेंटिमीटर होता, ऑगस्टअखेर १० झाला. आता गणित करा. लांबी दुप्पट झाली की रुंदी आणि जाडीही साधारण दुप्पट होते. म्हणजे वजन २ × २ × २ = ८ पट. आणि ५ चा ३० सेंटिमीटर झाला तर? ६ × ६ × ६ = २१६ पट! एवढं खाणार आणि तेवढीच घाण करणार.

दुसरा प्रश्न : याच्या तोंडात काय मावतं? शिकारी माशाचे शेजारी निवडताना हा सगळ्यात मोठा नियम. जे तोंडात मावतं, ते शेजारी होत नाही, ते जेवण होतं. शेजाऱ्याचा आकारही बघायचा. लांबट, बारीक मासा सहज गिळला जातो. ताटलीसारखा उभट, चपटा मासा गिळायला अवघड. आणखी एक धोका आहे. काही मांजरमाशांच्या परांना कडक काटे असतात. गिळताना ते काटे ताठ होऊन घशात अडकतात. मग गिळणारा आणि गिळला जाणारा, दोघेही मरतात. तेव्हा लहान मांजरमासा ऑस्करजवळ मुळीच नको.

तिसरा प्रश्न : स्वभाव कसा? तोंडात न मावणारा मासाही सुखात राहील असं नाही. काही मासे हद्दीसाठी भांडतात. फ्लॉवरहॉर्न हा डोक्यावर टेंगूळ असलेला मासा माणसाने वेगवेगळ्या जाती एकत्र करून तयार केला. तो एकटाच ठेवलेला बरा. दोन नर फायटर मासे एका टाकीत ठेवले तर एकमेकांचे पंख फाडतात. आणि उलटही असतं बरं का! फार भित्रा शेजारी असला तर तो कोपऱ्यात लपून बसतो, खाण्यापर्यंत येत नाही आणि उपाशी राहतो.

चौथा प्रश्न : पाणी दोघांना सारखंच चालतं का? पुष्कळ जण ऑस्करबरोबर गोल्डफिश ठेवतात. गोल्डफिश थंड पाण्यातला, ऑस्कर कोमट पाण्यातला. ऑस्करला २४ ते २८ अंश सेल्सियस लागतं. एकाच टाकीत दोघांपैकी एकाला तरी त्रास होणारच. शिवाय गोल्डफिश गुबगुबीत आणि मंद, म्हणजे वाघ्याला आयताच घास! कुणी कुणी मुद्दाम जिवंत गोल्डफिश ऑस्करला खायला घालतात. तेही करू नका. त्यातून रोग येतात, आणि गोल्डफिशच्या अंगातल्या एका घटकामुळे खाणाऱ्या माशाला ब-१ जीवनसत्त्व कमी पडतं. गोळ्यांचं खाद्य, कोळंबीचे तुकडे यांवर ऑस्कर मजेत राहतो.

पाचवा प्रश्न : घर पुरेल का? आमच्या टाकीचं गणित मुलांनी फळ्यावर केलं. ६० × ३० × ३० = ५४,००० घन सेंटिमीटर, म्हणजे ५४ लिटर. मोठ्या ऑस्करला निदान चार फुटी टाकी हवी. १२० × ४५ × ४५ = २,४३,००० घन सेंटिमीटर, म्हणजे २४३ लिटर. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. म्हणजे नुसतं पाणीच २४३ किलो! आमचं खिडकीजवळचं टेबल मोडलंच असतं. आणि ही एकट्या वाघ्याची गोष्ट. शेजारी आणायचे तर घर याहून मोठं लागणार.

यादी पूर्ण झाली आणि वर्गाला कळून चुकलं, की वाघ्याला शेजारी शोधून उपयोग नाही. वाघ्यालाच दुसरं घर शोधायला हवं.

नवं घर

आमच्याच शाळेतल्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या वडिलांकडे सहा फुटी टाकी आहे असं कळलं. त्यात पाच सिल्व्हर डॉलर होते. हे मासे दिसायला रुपयाच्या नाण्यासारखे, गोल, चपटे, चंदेरी. वाढून साधारण १५ सेंटिमीटरचे होतात. पिरान्हाचे नातलग, पण बहुतेक पालापाचोळाच खातात. झुंडीने राहतात, चपळ असतात, तेही दक्षिण अमेरिकेतले आणि त्यांनाही कोमट पाणी चालतं. आपल्या पाच प्रश्नांना लावून बघा. पास!

पण मुलांनी त्या काकांना सोडलं नाही. शाळेत बोलावून पाचही प्रश्न विचारले. छकुली मागे उभी होती. शेवटी तीही बोलली, "काका, त्याला आधी वेगळं ठेवणार ना? त्याला काही रोग असला तर तुमच्या माशांना लागेल."

काका म्हणाले, "तीन आठवडे वेगळं ठेवीन, बाळ."

आणि त्यांनी तसंच केलं. वाघ्याला सोडायच्या दिवशी आम्ही सहा जण बघायला गेलो. काकांनी आधी टाकीतले दगड आणि लाकूड इकडचं तिकडे केलं. मुलांनी विचारलं, "असं का?" ते म्हणाले, "जुन्या माशांनी जागा वाटून घेतलेल्या असतात. मांडणी बदलली की सगळेच नवे होतात, मग भांडण कमी." मी मनात म्हटलं, अरेच्चा! वर्गात नवा विद्यार्थी आला की मीही सगळ्यांचे बाक बदलते ते याचसाठी. मग वाघ्याची पिशवी वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवली, म्हणजे दोन्हीकडचं पाणी सारखं गरम होतं. त्यानंतर त्याला आत सोडलं आणि दिवा बंद केला.

पहिले काही दिवस वाघ्या एका कोपऱ्यात आडवा पडून राहिला. मुलं घाबरली. पण ऑस्कर जागा बदलली की असा रुसतो. आठवड्याने उठला, खायला लागला. आता काका टाकीजवळ आले की शेपूट हलवत काचेपाशी येतो. हा मासा रोज खायला घालणाऱ्या माणसाला ओळखायला लागतो. आणि नीट सांभाळला तर दहा-बारा वर्षं जगतो. म्हणजे चौथीत आणलेला ऑस्कर तुम्ही कॉलेजात जाल तेव्हाही असेल. घेण्याआधी याचा विचार करायला नको का?

आईबाबांसाठी चार ओळी

पालकहो, मुलाने हट्ट केला की त्याच दिवशी टाकी, मासे आणि खाद्य एकदम घरी आणू नका. नव्या टाकीतलं पाणी माशांच्या योग्य व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. तेवढ्या वेळात माशांची घाण पचवणारे उपयोगी जिवाणू गाळणीत वाढतात. या दिवसांत मुलाबरोबर वरचे पाच प्रश्न सोडवा. दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलायचं काम कोण करणार, हे आधी ठरवा. आणि मासा मोठा झाला, नकोसा झाला, तर तो कुठे द्यायचा तेही आधी विचारून ठेवा. बरेच दुकानदार मासा परत घेतात. विसर्जनाच्या घाटावर किंवा तळ्यात सोडणं हा मार्ग नाही. मुलं आपलं बघूनच शिकतात.

आणि आमची टाकी?

ती आहे ना! वाचलेल्या दोन गप्पींपैकी एक नर होता आणि एक मादी. गप्पी अंडी घालत नाहीत, थेट पिल्लं देतात. एका सोमवारी पाण्यात बारीक बारीक ठिपके पळताना दिसले. वर्गात एकच गलका झाला! पण छकुलीने सगळ्यांना गप्प केलं. म्हणाली, "आधी पाणवनस्पती घाला. गप्पी आपलीच पिल्लं खातात." बघा, तोंडात मावण्याचा नियम आईलासुद्धा लागू! आम्ही पटकन वनस्पती घातल्या, त्यात पिल्लं लपली.

मग छकुली माझ्या टेबलाकडे आली. वही मागितली. काचेला नाक लावून खूप वेळ मोजत राहिली, दोनदा चुकली, पुन्हा मोजलं. आणि लिहिलं : १४.

तिच्या वाढदिवसानंतर वहीतला आकडा पहिल्यांदाच वाढला होता.

तर मित्रांनो, आता तुमचं काम. एखाद्या टाकीतल्या कोणत्याही दोन माशांची नावं लिहा, त्यांना आपले पाच प्रश्न लावा आणि ते शेजारी होऊ शकतील की नाही, ते कारणांसह मला कळवा. टाकी घरची असो, शेजाऱ्यांची असो, नाहीतर दवाखान्यातली. चूक झाली तरी हरकत नाही. बाईंचीसुद्धा झाली होती!

भेटूया पुढच्या आठवड्यात.

तुमच्या,
बाई